विसर्जनाच्या संध्याकाळचा स्नॅपशॉट

मला मोडतोडीचा पगार मिळतो. पुण्यातली एक कंपनी संगणकासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करतेय. ती बाजारात यायच्या आधी तिचे मराठी मेनू वापरून, बिघडवून बघायचे आणि चुका कळवायच्या. सास्तूरला, आमच्या गावी, घरी बसून होतं हे काम. अशी अर्धीकच्ची सिस्टीम कुणी शहाणा माणूस आपल्या लॅपटॉपवर थेट चढवत नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच एका चौकोनात चालणारा खोटा संगणक. आधी त्याचा स्नॅपशॉट घ्यायचा, तो त्या क्षणी जसा आहे तसा जपून ठेवायचा आणि मग खुशाल वाट लावायची. 'पूर्ववत करा' म्हटलं की तो पुन्हा त्या क्षणावर येतो. नंतरचं सगळं पुसलं जातं.

एप्रिलातल्या एका दुपारी आतलं मशीन सुरू केलं, तर 'मल्लिकार्जुन' या माझ्या नावाखाली दुसरं नाव होतं. शिवलीला.

शिवलीला माझी बहीण. त्र्याण्णवच्या भूकंपात गेली, सहा वर्षांची. मी तिला पाहिलेलं नाही. आईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. भूकंपात लेकरं गमावलेल्या बायकांसाठी सरकारनं ते उलटं फिरवायची सोय केली, त्यानंतर मी झालो. ती गेली नसती तर मी नसतो. हे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

मीच कधीतरी टाइप केलं असेल, असं म्हणून मी मशीन पूर्ववत केलं. नाव तिथंच. कंपनीला कळवलं. 'आमच्याकडे असं दिसत नाही' हे त्यांचं नेहमीचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी आत एक चित्र सापडलं. घर, वर सपाट माळवद, त्याला टेकवलेली शिडी, शिडीवर कोंबडी. आमच्या आत्ताच्या गावात सगळी घरं भूकंपानंतर बांधलेली, एका साच्यातली. मातीचं माळवद मी फक्त ऐकून आहे. आई जेवायला बोलवायला आली आणि पडद्यासमोर तशीच थांबली.

"आपलं जुनं घर हाय," ती म्हणाली. "ह्या शिडीवर ती कोंबडीला चढवायची. लई रागवायचे म्या."

"मशीनची चूक हाय ती, आई."

"असंल."

त्यानंतर रोज भाकरी खाऊन झाली की ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसू लागली. कूलरची घरघर, बाहेर पांढरं ऊन, अख्खं गाव निजलेलं. चित्रं वाढत गेली. आई त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची, मध्येच थांबून ऐकल्यासारखं करायची, मान हलवायची. मला डुलकी लागायची आणि झोपेत दोघींचे आवाज यायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. इतकी निवांत आई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

नवव्या दिवशी स्नॅपशॉटच्या यादीत मी न घेतलेला एक दिसला. २९ सप्टेंबर १९९३, संध्याकाळ. त्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. भूकंप दुसऱ्या दिवशी पहाटे झाला.

मी चौकोन बंद करायच्या आत आईनं तारीख वाचली.

"हितं माघारी जाता येतंय?"

"मशीनला येतंय. माणसाला न्हाय."

"आन गेलंच, तर मागनं आलेलं?"

"पुसलं जातंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या केसांतून हात फिरवला, लहानपणानंतर पहिल्यांदाच. मला भीती वाटली. आईची भीती वाटावी याची लाजही वाटली.

"काढून टाकतो हे मशीनच," मी म्हणालो.

"टाक की. चहा पिऊन टाक."

मी आत जाऊन चहा ठेवला. दूध वर येत होतं तेव्हा बाहेरून तिचा आवाज आला.

"न्हाय बाळा. त्यो बी माझाच हाय."

मी गॅस बारीक केला.

"न्हाय म्हणलं ना."

मी दोन कप घेऊन दारात आलो. आईनं माऊसची वायर उपटली होती. माऊस तिच्या मांडीवर, दोन्ही हातांत घट्ट धरलेला. पडद्यावर प्रश्न होता, 'नंतरचे सर्व पुसले जाईल. पूर्ववत करायचे?' आणि बाण 'होय'कडे सरकत होता. सावकाश, थोडा वाकडातिकडा, नवशिक्याचा सरकतो तसा.

"म्या न्हाय दाबलं, मल्लू," आई म्हणाली. ती रडत होती. "तिला येतंय आता. तुझं बघून बघून शिकली."

बाण 'होय'वर येऊन थांबला आणि प्रश्न पडद्यावरून गेला.

आईनं डोळे पुसले. डोईवर पदर घेतला, नीट, परक्या माणसापुढं घेतात तसा.

"उभं का?" तिनं मला विचारलं. "बसा की. कुणाकडं आलाव तुमी?"