बिनघामाचा यजमान

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बकुळला झालं.

तिचे बाबा, विश्वेश्वरगुरुजी, अहिल्याबाई घाटावर पिंडदान मांडून बसले होते आणि नागपूरचा यजमान काही येईना. त्याला शोधायला बकुळ निघाली. पायरीवर एक तरुण दिसला... डोकं तुळतुळीत, सदरा ओलाचिंब. क्षौर झालं, स्नान झालं, म्हणजे हाच! बाबा खोळंबलेत म्हणत तिनं त्याला थेट आसनावर नेऊन बसवलं. तो बिचारा काशीत नवा, निमूट बसला. गुरुजींनी वडिलांचं नाव विचारलं. शरद सुमंत. आणि गेले कधी?

"गेले कुठे? ते काय, वर चहा पिताहेत."

गुरुजींच्या हातातला तांब्याच निसटला.

संध्याकाळी ती माफी मागायला गेली, तर आणखी धक्का. त्या तरुणाचं नाव देवव्रत, आणि तो जन्मतःच असा होता. केस जेमतेम, कातडी कोरडी, आणि घाम मुळी येतच नाही. उन्हात अंग तापतं, म्हणून रेल्वेच्या ऑफिसातही तो तासातासाला सदरा भिजवायचा.

"घामच नाही?" ती थक्क झाली.

"नाही. सकाळी तुम्ही तेवढा फोडणार होतात."

ती हसली... आणि फसलीच की हो! रोज उन्हं चढायच्या आत संकठा घाटावर गप्पा सुरू झाल्या. दोन महिन्यांत अहो-जाहो गळून पडलं.

मग एका सकाळी तो बोलता बोलता थांबला, पाठ फिरवली, आणि वळला तेव्हा कवळी त्याच्या हातात होती. तोंडात चारच दात, टोकदार.

"आणखी ऐक," तो म्हणाला, "मला मुलगा झाला तर तो सुटेल, पण मुलगी झाली, तर हा दोष तिच्याकडे जाणारच. तिला कमी त्रास होईल कदाचित... पण जाणार. डॉक्टरांनी सांगितलंय. तू आत्ताच उठून गेलीस तरी चालेल."

बकुळला भीती वाटली, खरंच वाटली. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं – या माणसानं अजून लग्नाचं विचारलेलंसुद्धा नाही!

"मला न विचारताच मुलीपर्यंत पोचलास?"

आता तो हादरला. "म्हणजे... विचारू? थांब, दात बसवतो."

"नको. असाच विचार."

त्यानं विचारलं, बोबडं-बोबडं, आणि वाक्य संपायच्या आतच ती हो म्हणाली.