आठव्या इनिंगला निघायचं

आमच्या घरात बेसबॉलची नववी, म्हणजे शेवटची इनिंग स्टेडियममध्ये बसून कुणी पाहिलेली नाही. बाबांचा नियमच होता, आठवी सुरू झाली की उठायचं. "पार्किंगमध्ये अडकून पडायला मी काही वेडा नाही," असं म्हणत ते खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायचे आणि गाडी काढायला पुढे जायचे. आई थर्मास, शाल आणि शेंगांची पिशवी गोळा करून मागोमाग निघायची, आणि तिच्यामागे मी, भोकाड पसरून. नववी इनिंग आम्ही हायवेवर, रेडिओवर ऐकायचो. बाबा गाडीसुद्धा तोंड बाहेर करून लावायचे. लग्नाला गेल्यावर आधी चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवतात ना, त्यातलाच प्रकार.

बाबा भूल देणारे डॉक्टर. शिकायला म्हणून मिलवॉकीला आले. तिथल्या पेशंटनी त्यांना हा खेळ शिकवला आणि त्यांनी मला. पुढे शिकागोला घर केलं, पण टीम मिलवॉकीचीच राहिली. "नोकरी बदलते, टीम नाही बदलत," म्हणायचे. शिकागोत राहून मिलवॉकीच्या टोप्या घालायच्या म्हणजे शेजाऱ्यांशी रोजचा वाद. तो त्यांना आवडायचा.

ह्या मार्चमध्ये बाबा गेले.

मी ऋता, त्यांची एकुलती एक. विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहे. माणसं साधारण किती जगतील याचे अंदाज बांधणं हे माझं काम. जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष मागे राहिलेल्याला किती धोक्याचं असतं, हे मला आकड्यांनिशी ठाऊक आहे. आणि माझी आई पानातलं चिवडत बसायची. काही मागायची नाही, कशाला नाही म्हणायची नाही. मला भीती वाटायची. उगाच कशाला लपवू, फार भीती वाटायची.

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी घेतली. मेथी, दुधी, भाजलेल्या शेंगा. गाडीत बसल्यावर आईने पट्टा लावला आणि म्हणाली, "मिलवॉकीला जाऊ या का गं? मॅच आहे आज."

इतक्या महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मेथी सुकली तर सुकली. मी गाडी उत्तरेला वळवली.

वाटेत पंपावर गॅस भरताना फोनवर तिकिटं काढायला घेतली.

"तीन काढ," आई म्हणाली.

"आई, दोघीच आहोत आपण."

"अगं, पिशव्या ठेवायला होईल."

पटण्यासारखं होतं. तीन काढली.

पार्किंगमध्ये लोक शेगड्या मांडून सॉसेज भाजत होते. झेंडीवाल्या मुलीने दाखवलेल्या जागेत मी गाडी सरळ आत घुसवली, नाक कुंपणाकडे. "बाबा चिडले असते," मी म्हटलं. आई हसली. तिचं हसू मी विसरूनच गेले होते.

जिन्याकडची खुर्ची सोडून आई मधल्या खुर्चीवर बसली आणि पिशव्या पायाशी ठेवल्या. "तिकडे ठेव ना," मी म्हटलं, तर "राहू दे," म्हणाली.

स्टेडियमचं सरकतं छप्पर उघडं होतं आणि ऊन मऊ होतं. आई चक्क खात होती. शेंगा खाल्ल्या, माझ्या प्रेट्झेलचा अर्धा तुकडा मोहरीच्या चटणीत बुडवून खाल्ला, वर कॉफी मागितली. मला इतकं बरं वाटलं की मी गॉगल डोळ्यांवर ओढून घेतला.

मधल्या एका इनिंगला दोन्ही हातांत बिअरचे ग्लास घेतलेला एक लठ्ठ माणूस आमच्या रांगेत शिरला. जिन्याकडच्या खुर्चीपाशी थबकला, "सॉरी, सर," म्हणाला, आणि वाट मिळाल्यासारखा अंग चोरून पुढे सरकला. मागच्या कुणाला म्हणाला असेल. मी वळून पाहिलं. मागे एक बाई आणि तिच्या दोन मुली होत्या.

सातव्या इनिंगमध्ये सगळं स्टेडियम उभं राहून गातं. आईही उभी राहिली. टाळ्या वाजवल्या. बसली.

मग आठवी सुरू झाली आणि किल्ल्या खुळखुळल्या.

जुन्या, जड किल्ल्या. माझ्या गाडीला किल्लीच नाही, बटण आहे.

खट् आवाज झाला. जिन्याकडची खुर्ची मिटली होती. त्या स्टेडियमच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या की स्प्रिंगने आपोआप मिटतात. ती इतका वेळ उघडी होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आईने पर्स खांद्याला लावली.

"कुठे निघालीस?"

"बाबा पुढे गेलेत," ती म्हणाली. गॅसवर दूध ठेवलंय, असं सांगावं तशी. "तू बस. तू बघ सावकाश शेवटपर्यंत. लहानपणी किती रडायचीस."

मी तिचं मनगट धरलं. "आई, खाली बस."

"अगं, खोळंबलेत ते."

"खोळंबू देत."

जिन्यावर कुणी नव्हतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. आई बसली, पण खुर्चीच्या टोकाशी, पाहुण्यासारखी. माझी बोटं तिच्या नाडीवर होती. नाडी चालू होती. मी तेवढंच मोजत राहिले.

जन्मात पहिल्यांदा नववी इनिंग समोर बघितली आणि मला त्यातलं काही आठवत नाही. कोण जिंकलं ते नंतर फोनवर पाहिलं.

गर्दीतून बाहेर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. पार्किंगमध्ये गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, बाबा म्हणायचे तशाच.

आमची गाडी जागेवरच होती. तोंड बाहेर करून.

मी रांग चुकले असेन. पण नंबर माझाच होता, मागच्या सीटवर मेथी माझीच होती. गाडीचा रिमोट सकाळपासून माझ्या पर्समध्ये होता.

आई पुढचं दार उघडून बसलीसुद्धा. दुसरं काय करणार? मीही बसले.

पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पार मागे सरकवलेली होती, उंच माणसासाठी सरकवतात तशी.

आईने पट्टा लावला. माझ्याकडे बघून तिने कपाळाला आठी घातली.

"एवढी मोठी झालीस ऋता, त्यांच्या मांडीवर काय बसतेस? मागे बस."

मग तिने माझ्या डोक्याच्या वर, वीतभर वर पाहिलं.

"चला," ती म्हणाली. "झालं तिचं बघून."

मी बटणाला हात लावला नव्हता. माझ्या उजव्या गुडघ्यापाशी किल्ल्या खुळखुळल्या.