शांततेची चाचणी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लातूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढचं ऐकताना, 'पोरगी घाबरट असेल' असं म्हणून सुटका करून घेऊ नका.

अण्णा गेल्यापासून आई, केवळाबाई, किल्लारीच्या नव्या गावात एकटीच राहायची. लातूरला चल म्हटलं की 'तुझ्या फ्लॅटात जीव गुदमरतो' हे तिचं ठरलेलं उत्तर. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला ती पहाटे अंधारात न्हाणीत पडली. खुबा मोडला. 'आये' अशी एकच हाक तिनं मारली आणि उजाडेपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली. शेजारच्या गौरम्मानं ती हाक ऐकली होती. पण आमच्याकडे अंधारात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर मारत नाही. गौरम्मा अंथरुणात उठून बसली, दुसऱ्या हाकेची वाट पाहिली आणि पुन्हा आडवी झाली.

"मग पुन्हा वरडायचं न्हाई का?" दवाखान्यात मी आईवर चिडले.

"एकदा वरडले की," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "माणूस कितींदा वरडल?"

ऑपरेशन झालं, पण वॉकरशिवाय तिला पाऊल टाकता येईना. मी ठरवलं, माणसं नियम मोडत नसतील तर मशीन बसवू. आवाज ओळखणारी एक लायब्ररी इंटरनेटवर मिळते. लायब्ररी म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड, आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा. ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट, कुणीही उघडून बदलावी अशी. आईच्या उशाशी माझा जुना फोन राहणार, तिनं 'आये' म्हटलं की लातुरात माझा फोन वाजणार. त्या जुन्या फोनवर तयार लायब्ररी चालेना, म्हणून मूळ सोर्स कोड उतरवून ती स्वतःच बिल्ड करायला, म्हणजे त्या कोडाचं चालतं रूप बनवायला, घेतली. कोड वाचताना मला हसू आलं. त्या परदेशी लोकांनीही तोच नियम घातला होता: हाक दोनदा आल्याशिवाय खरी धरायची नाही. मी दोनाचा एक केला.

आईच्या खाटेशेजारी लॅपटॉप उघडून बसले. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पडद्यावर ओळी सरकत होत्या. लॅपटॉप इतका तापला की खाली ताट पालथं घालावं लागलं.

"आजून शिजलं न्हाई का गं?" आई दर थोड्या वेळानं विचारायची.

"शिजायलंय. मग चाखायचं हाय."

चाखायचं म्हणजे चाचण्या घ्यायच्या. त्यासाठी आवाज भरून ठेवले होते: आईच्या हाका, गौरम्माच्या गप्पा, टीव्ही, कुकरची शिट्टी. आणि एक शांततेचा. हाक नसताना मशीनला गप्प बसता आलं पाहिजे, नाहीतर मी रोज लातूर-किल्लारी करत बसले असते. म्हणून दुपारी आईला गौरम्माकडे बसवलं, पंखा बंद केला, फोन खाटेवर ठेवला आणि घराला कुलूप घातलं. त्या रिकाम्या घराचा आवाज भरून घेतला.

सगळ्या चाचण्या पास झाल्या. शांततेची नापास झाली. पडद्यावर आलं, 'हाक आढळली: एक.'

मी घाबरले नाही. दोनाचा एक केलाय, मशीन जरा हलक्या कानाचं झालं असणार. तो हलकेपणा कमी करत गेले. शेवटी आईच्या खऱ्या हाकाही त्याला ऐकू येईनात, पण त्या रिकाम्या घरातली हाक तेवढी येतच राहिली, त्याच जागी. हेडफोन लावून मी ती फाइल पुन्हा पुन्हा ऐकली. कबुतराचं घुमणं, लांबचा ट्रॅक्टर... मग त्या जागेवर तेही थांबायचं. बाकी काही नाही.

दुसऱ्या दुपारी नवी शांतता भरली. तीही नापास. कुलूप काढून आत गेले तेव्हा घरात धुळीचा वास कोंडला होता, जुन्या मातीच्या भिंती पाडल्यावर येतो तसा. आमचं घर सिमेंटचं आहे.

"काय म्हणायलंय तुझं मशीन?" आईनं विचारलं.

"घरात कुणी नसताना हाक ऐकू आली म्हणतंय."

"कंची हाक?"

"आये. तेवढीच शिकवलीय त्याला."

आईचा हात पदरावर थांबला. "कितींदा?"

"एकदाच."

तिनं हेडफोन मागितला. मी तिच्या कानांवर बसवला. ती डोळे मिटून ऐकत होती. त्या जागेवर आल्यावर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"राजी हाय..."

राजी म्हणजे राजकन्या, माझी थोरली बहीण. मी जन्मायच्या आधी भूकंपात गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

"तुजे अण्णा परगावी होते," आई हळू बोलत होती. "मी गोठ्याकडं गेलेले. पायाखालचं हललं अन् घर खालीच बसलं. सगळा काळोख... धूळ... आतून एक हाक आली. आये. मी थांबले, पोरी. सासूबाईनं शिकिवलं होतं ना... मी दुसऱ्या हाकेची वाट बघत हुबी राहिले..."

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "दुसरी आलीच न्हाई."

मी तिला कुशीत घेतलं आणि ढसाढसा रडले. एवढे दगड तुझ्या एकटीच्यानं निघाले असते का, असं कितीदा तरी म्हटलं. ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. शेवटी म्हटलं, ही फाइल पुसून टाकते, मशीनला पुन्हा दोन हाका शिकवते.

"न्हाई," ती म्हणाली. "एकच ऱ्हाऊ दे."

मी एकच ठेवली, मशीनचा कान पुन्हा पहिल्यासारखा हलका केला आणि फोन तिच्या उशाशी ठेवून लातूरला आले.

आषाढात एका दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. मशीननं हाक ऐकली होती. मी गौरम्माला फोन लावला, या वेळी ती तशीच धावत सुटली. दार सताड उघडं होतं. वॉकर खाटेपाशी होता आणि आई उंबऱ्यावर पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

हाक आली की मशीन पुढचा-मागचा थोडा आवाज राखून ठेवतं. तो मी दिवस झाल्यावर ऐकला. त्यात 'आये' कुठंच नाही. पंख्याची घरघर आहे, मग तीही थांबते आणि आईचा आवाज येतो, चुलीपुढून बोलावा तसा धडधाकट. "ओ... आले गं, आले." मग पावलं. अनवाणी, भराभर, दाराकडे जाणारी.

लातूरला परत आले. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लायब्ररी पुन्हा बिल्ड केली, सगळ्या चाचण्या पुन्हा लावल्या. शांततेची चाचणी पास झाली. 'हाक आढळली: शून्य.' दुसऱ्या दुपारची फाइल लावली, तीही पास. मी आजवर कितीदा तरी लावून पाहिली आहे. फाइल तीच आहे, कोड तोच आहे. त्या कुलूपबंद घरात आता कुणीच हाक मारत नाही.