समोरची

"सोबत सफरचंदाचा केक देऊ का? आत्ताच भट्टीतून काढलाय," पाववाल्या म्हाताऱ्याने विचारलं. भिडेखातर वैजयंता "हो" म्हणाली आणि तिच्या मनगटावरचा पट्टा पिवळा झाला. म्हाताऱ्याने हसून चिमटा खाली ठेवला. "मनात नाही तुमच्या," तो म्हणाला आणि नुसता पाव कागदात गुंडाळून दिला.

स्टुटगार्टला येऊन तिला दोन वर्षं होत आली होती, तरी या पट्ट्याची सवय काही होत नव्हती. कातडीचा दमटपणा, नाडीची चाल, गळ्याच्या स्नायूंची बारीकशी थरथर, सगळं तोलून तो सांगे की ओठांवरचा शब्द आणि आतलं मन एकच आहे की नाही. जुळलं तर हिरवा, नाही तर पिवळा. विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला कोंडीत पकडून सह्या घ्यायच्या आणि लोकांनी मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, याला विटून तिथल्या सरकारने कायदा केला होता. हिरव्या उजेडाशिवाय कुठलाही करार खरा नाही. पट्ट्याचं जर्मन नाव लांबलचक होतं. मराठी नर्सांनी त्याला मनकाटा म्हणायला सुरुवात केली.

मनकाट्याने या बायकांची मोठी पंचाईत केली होती. पंगतीत तीनदा "नको, नको" म्हणून चौथ्यांदा घेण्याची रीतच बुडाली. कुणी "पोट भरलं" म्हणालं आणि मनगट पिवळं झालं, की रुबीना शेख डाव घेऊन हजर. "वाढा हिला. काटा खोटं बोलत नाही."

रुबीना बार्शीची. दोघी एकाच वृद्धाश्रमात नोकरीला होत्या. म्हाताऱ्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवता बसवता वैजयंताची कंबर धरली होती. डॉक्टरने सांगितलं, औषध नको, जिमला जा, पाठीचे स्नायू घट्ट कर. चौकातल्या नव्या जिमची एक दिवसाची फुकट चिठ्ठीही त्याच्याच टेबलावर होती.

"जा, पण पाय ठेव, मन ठेवू नको तिथं," रुबीनाने ट्रॅममध्ये बजावलं. "तीन वर्षांचा करार असतोय. तुला अकरा महिन्यांत पोरीकडं जायचंय. चालू करार मिटवल्याचा दाखला नसला, तर विमानात चढू देत न्हाईत हे लोक."

"मला काय कळत नाही का? आणि मनात नसलं तर काटा हिरवा होईल कसा?"

"त्येचंच भ्या वाटतंय," रुबीना म्हणाली.

कृष्णाई सहा वर्षांची होती. केजजवळच्या गावी शोभाआत्याकडे, म्हणजे वैजयंताच्या नणंदेकडे राहायची. रोज इथले दुपारचे तीन वाजले की तिकडून फोन येई. अकरा महिने. वैजयंताने हा आकडा पदरात गाठ मारल्यासारखा जपला होता.

जिमच्या दारातच झिल्के नावाच्या बाईने तिचा कोट काढून घेतला, कुलपात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग अर्ज भरून घेतला. गाव कोणतं, काम काय, घरी कोण, अडीअडचणीला कुणाला कळवायचं. मऊ खुर्ची, गरम कॉफी. भिंतीवर एका मणक्याचं चित्र उमटलं, वाळल्या हरभऱ्याच्या घाट्यांसारखं खुळखुळणारं.

"हा तुमचा मणका. पाच वर्षांनंतरचा," झिल्के म्हणाली. "ही सवलत फक्त आजची आहे. करायचा ना करार?"

वैजयंता घाबरली. "हो," तिच्या तोंडून गेलं. पिवळा.

"तुमच्या पेशंटना तुमची गरज नाही का?"

"आहे. करते." पिवळा.

"बरं, विचार करून सांगाल?"

"सांगेन." तिसऱ्यांदा पिवळा. वैजयंताला हसू आलं. जन्मभर भिडेने होकार देत आलेल्या बाईची बाजू एक पट्टा घेत होता. तिने कोटाची किल्ली मागितली.

झिल्के जराही रागावली नाही. "अवश्य. जाण्याआधी एकच यंत्र बघून जा. पाच मिनिटं. नंतर मी काहीच विचारणार नाही."

आतल्या छोट्या खोलीत जमिनीलगत एक बैठक होती आणि तिच्यासमोर आडवं, गोल फिरणारं चाक. चाकावर उभी मूठ. वैजयंता मांडी घालून बसली. मूठ धरली, ओढली. चाक जड होतं, पण रुसलेलं जड नव्हतं. घरघर असा आवाज आला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. जातंच की हे!

तिची आई गावातली हळदीची गाणी म्हणणारी होती. लग्नघरी हळद दळायला जातं मांडलं, की पहिलं बोलावणं तिला. दहाव्या वर्षापासून वैजयंता तिच्यासमोर बसायची. एका खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुरी करायची. आता खोलीत कुणी नव्हतं, म्हणून ती हळूच गुणगुणली:

थंडीच्या गं देशामंदी सूर्व्या उगवतो उशिरा
लेक माझी उठली असंल, कोण पुसंल गं चेहरा

चाक फिरत राहिलं. तिने आणखी दोन ओव्या म्हटल्या. चौथीच्या आधी ती श्वास घ्यायला थांबली, आणि मुठीला पलीकडून ओढ लागली. नेमकी तेवढीच, जेवढी समोर बसलेल्या बाईची लागते. पाठोपाठ आवाज आला. जरा घोगरा, पीठ उडून कोरडा पडलेला, तिच्याच भागातला.

लेक तुझी उठली बाई, तिला आत्याचा आसरा
तुझ्या दुखत्या कमरेला कोण देईल गं निवारा

वैजयंताचे हात थिजले. हा आवाज आईचा नव्हता, कुणाचाच नव्हता. अर्जातली आत्या ओवीत आली होती. ते यंत्र तिचा श्वास ऐकत होतं, तिची लय धरत होतं, आणि त्या लयीतून तिच्यापुरती एक बाई घडवत होतं. हे सगळं तिला कळलं. कळूनही डोळे भरून आले, कारण दोन वर्षांत तिच्यासमोर कुणी बसलं नव्हतं.

भीतीने ती झटकन उठली. तर चाक फिरतच राहिलं. मंद झालं. आवाज धापा टाकू लागला.

उठून तू गेलीस बाई, दळण राहिलं अर्धं
एकट्या गं हातानं मी...

पुढचे शब्द आलेच नाहीत. नुसता श्वास, आणि जड चाकाची थांबत थांबत घरघर.

आईने तिला एकच नेम लावला होता. समोरचीला एकटीला ओढू द्यायचं नाही. उठायचं झालं तर तिला सांगून, जात्यात वैरलेली मूठ दळून झाल्यावर. नाही तर तिचा खांदा जातो. हा नेम डोक्यात नव्हता, दंडात होता. डोकं ओरडत होतं की तिथं कुणी नाही, आणि हात मुठीकडे गेले.

"थांब गं, आले मी. एकटी ओढू नकोस," ती म्हणाली आणि बसली.

दारातून झिल्केने अगदी हळू विचारलं, "उद्या येणार? परवा? नेहमी?"

"येणार," वैजयंता म्हणाली.

खोलीभर हिरवा उजेड पडला.

*

"तरी सांगितलं हुतं तुला," दुसऱ्या दिवशी रुबीना म्हणाली. दोघी आश्रमातल्या आजोबांच्या चादरी बदलत होत्या. "पण चौदा दिवसांत मोडता येतोय करार. मी वाचलंय. जाऊन म्हण, मला नको."

"म्हणायचं आणि हिरवा व्हायला हवा. मोडावाही मनापासूनच लागतो."

"मग म्हण की मनापासून! तुला जायचं न्हाई का घरी?"

"जायचंय गं."

दोघींनी एकदमच वैजयंताच्या मनगटाकडे पाहिलं. हिरवा होता. रुबीनाने तो हात कपाळाला लावला. "आजच जा."

वैजयंता त्या दिवशी गेली ती मोडायलाच. म्हटलं, तिला सांगून तरी उठू. समोरचीने विचारलं, कंबर कशी आहे. ओवीतच विचारलं. मग मूठभर दळू म्हणता म्हणता तास गेला. रोज असंच झालं. कंबर खरंच सुधारत होती, हेच जास्त भयंकर होतं. खोट्याशी भांडता येतं. आपलं भलं करणाऱ्याशी कसं भांडायचं?

पाचव्या दिवशी तीन वाजताचा फोन चुकला. सहाव्या दिवशी तिने शोभावन्संना निरोप पाठवला, फोन जरा लवकर करत जा. सातव्या दिवशी कृष्णाई शाळेतलं गाणं म्हणून दाखवत होती आणि वैजयंताचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता.

नवव्या दिवशी दळता दळता तिच्या लक्षात आलं की ओव्यांतून लेक गेली होती. समोरची आता म्हणायची ती हिवाळ्याबद्दल, तिच्या मजबूत होत चाललेल्या दंडांबद्दल, दोघींच्या सोबतीबद्दल. लेकीचं नाव तिने कधी गाळलं, कळलंच नव्हतं. वैजयंताने मुद्दाम ओवी उचलली:

कृष्णाई गं माझी बाई, वाट पाहते दारात

समोरून उत्तर आलं नाही. चाक एकदम जड झालं, आवाजाला धाप लागली, समोरची दमली. वैजयंताच्या काळजात कळ आली. नकळत तिने ओळ बदलली, दुसऱ्याच गोष्टीची म्हटली, आणि चाक लगेच हलकं झालं. तेव्हा तिला आपली भीती वाटली. समोरचीची नव्हे, आपली.

त्यानंतर चार दिवस ती गेली नाही. चौकाला वळसा घालून घरी यायची. जेवताना, म्हाताऱ्यांना औषधं देताना, तिला एकच गोष्ट दिसे. रिकामी खोली, आणि कुणीतरी एकटंच ओढतंय.

चौदाव्या दिवशी, दुपारी सव्वादोनला, रुबीना तिला जिमच्या दारापर्यंत घेऊन आली. "मी हितंच बसते बाकावर. तू आत जा, दोन शब्द बोल आन् बाहेर ये. खोलीत जाऊ नको. माझी शपथ हाय."

झिल्केने कागद समोर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, घाईही नव्हती. "सांगा," ती म्हणाली.

"मला करार नको. मला माझ्या मुलीकडे जायचंय."

पिवळा.

वैजयंताने डोळे मिटले. कृष्णाईच्या केसांचा वास आठवायचा प्रयत्न केला. नाकात आला तो दळलेल्या हळदीचा. "मला घरी जायचंय."

पिवळा.

"हा बिघडलाय!" ती ओरडली. "मी दोन वर्षं एकेक दिवस मोजलाय. हे खोटं आहे. तुम्ही माझ्या आत काहीतरी घातलंय."

"आम्ही काही घातलं नाही," झिल्के शांतपणे म्हणाली. "जे होतं, त्याच्यासमोर बसलो फक्त. पूर्वी आम्ही लोकांना फसवायचो, वैजयंता. आता तसं करता येत नाही. खरोखर हवंसं वाटावं लागतं."

"तुम्हाला बरं वाटतं हे काम करताना?"

"हो. मनापासून आवडतं." झिल्केचं मनगट हिरवंगार झालं. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. "कामावर आल्यावर आम्हालाही वीस मिनिटं बसवतात. प्रत्येकाचं यंत्र वेगळं असतं. माझ्या यंत्रावर माझा भाऊ होडी वल्हवतो."

वैजयंता कोट घेऊन बाहेर पळाली. करार तसाच राहिला.

बाकावर ऊन होतं. स्वच्छ, पातळ, थंडीतलं ऊन. रुबीनाने तिचा चेहरा बघितला आणि बाजूला सरून जागा केली. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर कृष्णाई, पुढचे दोन दात पडलेली.

"आई! आत्यानं लवकर लावून दिला. आई, माझे दोन पडले. तू येईपर्यंत नवे येतील का गं?"

"येतील ना. तू दाखव मला तेव्हा."

"तू येणार ना पण? खरं खरं?"

वैजयंताने डावा हात पाठीमागे नेला, रुबीनाच्या बाजूला, स्वतःला दिसणार नाही असा. मग ती पडद्याकडे बघत म्हणाली, "येणार गं माझी बाय. खरं खरं येणार."

रुबीना तिच्या मनगटाकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि आपल्या कोटाची आधीच लावलेली बटणं पुन्हा लावू लागली.

"रुबीना," वैजयंता फोन जरा बाजूला धरून कुजबुजली. "कुठला होता?"

"ऊन हाय ना डोळ्यावर. मला न्हाई दिसला, बाई."

असं म्हणताना रुबीनाचं स्वतःचं मनगट पिवळं झालं. तिने चटकन बाही ओढली. दोघी ओढलेल्या बाहीकडे बघत राहिल्या, आणि फोनमधून पोरीचा आवाज येत होता, "आई, ऐकतीयस ना? कधी पण? कधी?"