नौबहार हॉटेलचा पुकारा

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. माझं नाव संघपाल. मी सरकारी कारकून आहे. आम्ही खोटं कागदावर लिहितो, असं फुकट सांगत बसत नाही.

मागच्या वर्षीची, तेवीस मेची गोष्ट. रात्र नव्हती. भर दुपारचे बारा वाजून गेले होते.

ठिकाण, आपल्या संभाजीनगरातलं नौबहार हॉटेल. नाव मी बदललंय. निजामाच्या काळातली इमारत, बारा वर्षांपासून बंद.

तिचं काय करायचं यावर समिती बसलीय. कुणाला संग्रहालय हवंय, कुणाला मॉल. वारसा वारसा म्हणून गळा काढणारे फाटकाबाहेर सेल्फी काढतात आणि उसाचा रस प्यायला जातात. आत पाय ठेवलेला एकही माणूस त्या समितीत नाही.

या शहाण्यांनी एकच काम केलं. निर्णय होईपर्यंत दारं-खिडक्या विटांनी बुजवायचं ठरवलं.

त्याआधी पंचनामा लागतो. दारात उभं राहून तीनदा पुकारा करायचा... आत कोणी आहे का? उत्तर आलं नाही की तसं लिहायचं.

आमचे इंजिनिअर साहेबराव. त्यांनी समोरच्या चहाच्या टपरीवर बसूनच लिहून काढलं. 'तीन वेळा पुकारा केला. प्रतिसाद नाही. इमारत निर्मनुष्य.' पहिला पंच मी. दुसरा पंच चहावाला.

मी सही केली.

तेवढ्यात तिथला वॉचमन मुबारक आला.

"साब, उप्पर कोई बाई है. दो हफ्ते से पानी गिरने की आवाज आती."

"नळ तोडून बारा वर्षं झाली. पाणी कुठलं आलं तिथं?" साहेबराव हसले.

"तू देख्या क्या?" मी विचारलं.

"नक्को साब. मैं उप्पर नहीं जाता."

असा हा राखणदार!

सही माझी होती, म्हणून मी उठलो. शूरपणा बिरपणा काही नाही.

"लई शहाणपणा करू नका," साहेबराव म्हणाले.

मी एकटाच आत गेलो.

बाहेर ऊन भाजत होतं. आत गार होतं.

आणि एकही कबुतर नव्हतं...

शेजारच्या गच्चीवर शेकड्यानं बसलेली. इथं एक पीससुद्धा नाही.

मी जिन्यापाशी गेलो. खालच्या तीन पायऱ्या...

ओल्या होत्या.

"ओ संघपाल! चला की, किती वेळ?" बाहेरून साहेबराव ओरडले.

मी वर बघून पुकारा केला. आत कोणी आहे का?

एकदा. दोनदा. तीनदा.

काही नाही.

मी वळलो. आणि वरून...

"संघपाल..."

बाईचा आवाज. बारीक, कोरडा.

माझ्या अंगावर काटा आला. लासूर स्टेशनची माझी आत्या, गोजरबाई, लहानपणी बजावायची. "पहिल्या हाकंला ओ देऊ नको रे. दुसरीला बी नाय. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नसतं."

मी तोंड गच्च मिटून घेतलं.

"संघपाल..."

दुसरी हाक.

मी थांबलो. घाम पाठीवरून उतरत होता. तिसरीची वाट बघत राहिलो.

वर काहीतरी ठेवल्यासारखा आवाज झाला. तांब्यासारखा...

मग काहीच नाही.

तिसरी हाक आली नाही.

मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. म्हटलं, भूतच होतं, सुटलो. बाहेर आलो आणि साहेबरावांना म्हणालो, "कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी दारं बुजवून झाली.

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. सुरेखा हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "पण तिला तुमचं नाव कसं कळलं?"

भुताला सगळं कळतं, असं मी म्हणणार होतो.

आणि मला साहेबराव आठवले. दारातून माझ्याच नावानं ओरडले होते ते. जिवंत बाईलाही ते ऐकू गेलंच असणार.

मी ताटावरून उठलो.

कुठं कुणी हरवल्याची तक्रार नाही. मी गुपचूप चौकशी केली. मग ती कोण? ओल्या पायऱ्या कशाच्या? मला माहीत नाही.

मुबारक आता शहागंजात हातगाडी लावतो. मी मुद्दाम गेलो होतो.

"भिंत घातल्यावर आवाज येत होता का रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"चार दिन आई साब. फिर बंद हो गई."

साहेबरावांची मला किळस येते. माझी त्याहून जास्त.

भिंत फोडायला दोन ओळींचा अर्ज लागतो. पंचनामा खोटा होता, आत बघा. एवढंच लिहायचं. नोकरी जाईल, दुसरं काही होणार नाही.

वर्ष झालं. निर्णय झाला तर भिंत आपोआप फुटेल, म्हणून समितीची पुढची बैठक कधी आहे, हे मी ऑफिसात रोज विचारतो.

अर्ज अजून लिहिलेला नाही.