बोटभर ओहोळ

शुक्रवारी सुनावणी होती आणि सोमवारी सकाळी आम्ही तिघं होडीत बसलो. काम सांगायला सोपं होतं. डोंगरापलीकडच्या नदीत दहा जिवंत सॅमन पकडायचे, त्यांच्या कल्ल्यांचे आणि हृदयाचे तुकडे कुप्यांत भरायचे आणि शुक्रवारच्या आत परत यायचं. बस्स!

आमच्या खाडीच्या तोंडाशी मासे पाळायचे पिंजरे आहेत. समुद्रात सोडलेली मोठमोठी जाळी, एकेका जाळ्यात हजारो मासे कोंबलेले. आमच्या नदीतली पिल्लं समुद्राकडे जाताना त्यांना घासून जातात, आणि मोठी होऊन परततानाही त्याच वाटेने येतात. तीन वर्षं झाली, परत आलेला मासा पिवळा पडून, अंडी पोटातच ठेवून मरत होता. पिंजरेवाले म्हणत, हा रोग तुमच्या नदीतलाच, जुना. पलीकडची नदी मात्र दुसऱ्या खाडीत उतरते आणि तिथे एकही पिंजरा नाही. तिथला मासा निरोगी निघाला, तर पिंजरेवाल्यांची बोलती बंद. त्यांना आणखी नऊ वर्षांचा परवाना द्यायचा की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं.

समुद्राने वळसा घालून जाणं ऑक्टोबरातल्या वादळांत शक्य नव्हतं. पाण्यावर उतरणारं विमान धुक्यामुळे चार दिवस धक्क्यालाच बांधलेलं. उरला डोंगर. त्यावरची वाट एकट्या सिमियनमामाला ठाऊक.

मामा एकाहत्तर वर्षांचा. गावात त्याचं एक खास काम आहे. दरवर्षी हंगामातल्या पहिल्या माशाचं जेवण झालं की सगळ्या ताटांतले काटे, डोकी, आतडी गोळा करून नदीला परत द्यायची. दिली की मासा पुन्हा अंग धरतो आणि पुढच्या वर्षी येतो. मामाच्या आधी हे काम त्याच्या मामाकडे होतं. मॅरेट प्रयोगशाळेची. तीन वर्षं ती आमच्या मेलेल्या माशांची पोटं फाडत होती, आणि या कामापायी तिने घर, नवरा, शहर सगळं लांब ठेवलं होतं. आणि मी नोरीन. होडीचं इंजिन माझं आणि तोंडही माझंच, असं गावात म्हणतात.

निघताना मॅरेटने एक पिवळा कॅन होडीत ठेवला.

"हे औषध जपा. या नदीचा रोग आपल्या बुटांवर, जाळ्यावर, हातांवर आहे. खिंडीत पोहोचलो की सगळं यात बुडवायचं. मगच पलीकडचं पाणी."

"सकाळपासून दोनदा पाय धुवायला लावलेस पोरी," मामा म्हणाला. "लग्नाच्या दिवशीसुद्धा मी एवढे धुतले नव्हते."

"म्हणूनच मामी पळून गेली," मी म्हटलं.

"पळाली कुठे? तुझ्या आईच्या हातचं जेवली आणि मेली."

आम्ही हसलो. दुपारपर्यंत ते हसू टिकलं नाही.

ऑक्टोबरात आमची नदी कशी असावी? माशांच्या पाठींनी पाणी उकळल्यासारखं दिसावं, कुजक्या माशांच्या वासाने डोकं उठावं, गरुडांची भांडणं चालावीत. आम्ही तीन तास वर जात होतो आणि इंजिनाशिवाय आवाज नव्हता. वळणावर एक मादी उताणी तरंगताना दिसली. मॅरेटने तिला उचललं, पोट चिरलं. सगळी अंडी जागच्या जागी! मामाने मान फिरवली. कल्ले तव्यावर करपलेल्या भाकरीसारखे डागाळलेले होते.

घळीत पाणी अरुंद होतं, दोन्हीकडे काळा कडा. मी इंजिन पूर्ण ओढलं. तेवढ्यात मामा ओरडला, "ओंडके!"

वरून सीडर झाडांचे चार-पाच बुंधे एकमेकांत अडकून येत होते. मागे वळायला जागा नव्हती. मी होडी उजव्या कड्याला घासली. पत्रा किंचाळला! पहिला ओंडका सुटला, दुसऱ्याने नाक उचललं आणि आम्ही उभेच्या उभे आकाशाकडे पाहू लागलो. मॅरेट कॅनला मिठी मारून पडली होती. मामाने वल्हं ओंडक्याच्या सांध्यात घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. वल्हं तुटलं. ओंडका फिरला. होडी धाडकन पाण्यावर आदळली आणि आम्ही घळीच्या वर निघालो!

"कॅन?" मी विचारलं.

"आहे," मॅरेट म्हणाली. तिच्या हनुवटीतून रक्त येत होतं.

होडी वरच्या डोहाशी बांधली. या डोहातच मामा दरवर्षी काटे सोडतो. एरवी तो इथे थांबून चार शब्द पुटपुटतो. त्या दिवशी तो खाली मान घालून सरळ झाडीत चालू पडला. थकला असेल, असं मला वाटलं.

मंगळवारी उजाडता उजाडता तंबूबाहेर काहीतरी फाटल्याचा आवाज आला. अस्वल! मोठी मादी, पण कातडं हाडांवर लोंबत होतं. या दिवसांत तिचं पोट जमिनीला टेकायला हवं. खायला मासाच आला नव्हता, म्हणून ती आमच्या सामानावर आली होती. बॅनकच्या जाड भाकऱ्यांची पिशवी तिने एका फटक्यात उघडली. मग पिवळा कॅन पंजात धरला.

"नको! तो नको!" मॅरेट पुढे धावली. मी तिला पाठीमागून कवटाळलं.

अस्वलाने चावा घेतला. तपकिरी औषध तिच्या तोंडातून, छातीवरून शेवाळात सांडलं. ती शिंकली, रागाने आमच्याकडे पाहिलं. मामाने हवेत बंदूक झाडली तशी ती गेली, पण सावकाश. पळायचीही ताकद नव्हती तिच्यात. मला भीतीपेक्षा तिची कीवच जास्त आली.

कॅनमध्ये घोटभरही उरलं नव्हतं.

"उकळू या सगळं," मी म्हटलं.

"कशावर?" मामाने माचिसची पेटी पिळून दाखवली. पावसाने लाकूड, काड्या, कपडे सगळं भिजलेलं. उन्हात दिवसभर वाळवलं असतं तर रोग मेला असता, पण ऊन आम्ही पंधरा दिवसांत पाहिलं नव्हतं.

मॅरेटने रिकामा कॅन उलटा करून पाहिला. मग जाळं पाठीवर टाकत म्हणाली, "काठावरूनच टाकू. जपून. एकदाच."

मामा वाट दाखवत पुढे निघाला.

खिंडीत पावसाचा बर्फ झाला. वारा असा की तोंड उघडलं की दात दुखावेत. एकदा मॅरेट कंबरेपर्यंत घसरली, जाळ्याच्या दोरीने मी तिला ओढून काढलं. दुपारी माथा ओलांडला, ढग फाटले आणि खाली पलीकडची नदी दिसली.

लाल! इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत लाल!

मासे एकमेकांच्या अंगावरून चढत होते. माद्या शेपट्यांनी गोटे उडवत घरटी खणत होत्या. दोन लठ्ठ अस्वलं काठावर बसून नुसती डोकी खात होती, बाकीचा मासा टाकून देत होती. इतक्या वरही पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. मी लहानपणी आमच्या नदीचा असाच आवाज ऐकत झोपायचे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"चला!" मॅरेट धावतच सुटली. उतारावर वाटेत एक ओहोळ आडवा होता. जेमतेम बोटभर पाणी, दगडांतून पाझरून खाली नदीकडे जाणारं. तिने पाय उचलला.

मामाने तिचा दंड धरला. "थांब."

"मामा, सोडा!"

"हे त्यांचं पाणी आहे. बूट आपल्या नदीचे आहेत."

"एक बूट! एवढ्याशा पाण्यात! मामा, खाली पुरावा पोहतोय. तीन वर्षं मी नुसती मढी मोजली. शुक्रवारी हात हलवत गेले तर ते नऊ वर्षं देतील!"

"देतील."

मीही भडकले. "मामा, इथपर्यंत आणलंस कशाला मग? सकाळीच सांगायचं होतंस!"

"मला बघायचं होतं," तो म्हणाला. "जिवंत आहेत का, एवढंच."

तो खडकावर बसला.

"मागच्या वर्षी पहिल्या जेवणाला मासा आला नाही. पिंजरेवाल्यांनी पेट्या पाठवल्या, बर्फात घातलेल्या. आठवतं, नोरीन? आपण जेवलो. मग मी काटे गोळा केले. डोकी, आतडी, सगळं. नेहमीसारखं वरच्या डोहात नेऊन दिलं. पिंजऱ्यातला मासा मी माझ्या हाताने नदीच्या तोंडात घातला. तेच शब्द म्हटले. ये म्हटलं परत."

मला आठवलं. त्या दिवशी बादल्या दोन होत्या. दुसरी माझ्या हातात होती. वर्षभरात हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं.

"मामा, मासे त्याच्या आधीपासून मरताहेत," मॅरेट हळूच म्हणाली. "तुमच्या बादलीने हे नाही झालं."

"नसेल. कदाचित वरचा डोह तेवढा वाचला असता. तुला ठाऊक आहे? मला नाही. मी रोज सकाळी उठतो आणि मला ठाऊक नसतं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला असं उठायचंय?"

मॅरेट अजून ओहोळाच्या काठाशीच उभी होती. ती एक पाऊल मागे आली. मग पाठीवरचं जाळं दाबून पिशवीत कोंबलं, रिकाम्या कुप्या वर ठेवल्या आणि पिशवी बांधली. गाठ तिला दोनदा घालावी लागली.

आम्ही तासभर तिथेच बसलो, दुर्बीण एकमेकांना देत. मग वळलो.

परतताना होडी सापडली नाही, पुराने नेली होती. दोन दिवस काठाने चाललो, उपाशी, शेवटचा मैल मामाला दोघींनी धरून. शुक्रवारी चिखलाच्या बुटांनीच सभागृहात शिरलो.

मॅरेटने जे पाहिलं ते सांगितलं. पिंजरेवाल्यांचा वकील फार गोड बोलणारा होता. "म्हणजे तुम्ही निरोगी मासे पाहिले. नमुना?"

"नाही."

"नदी समोर होती, जाळं पाठीवर होतं. मग चार पावलं पुढे का गेला नाहीत?"

मॅरेटने उत्तर द्यायच्या आत मामा उठला. तो सभांमध्ये कधी बोलत नाही. सगळं गाव बसलं होतं, त्याच्या हातून काटे नदीला देणारं सगळं गाव.

"कारण मागच्या वर्षी मी गेलो होतो," तो म्हणाला. आणि मग त्याने बादल्यांची गोष्ट सांगितली. पहिली त्याची. मी उभी राहिले आणि म्हटलं, दुसरी माझी.

त्या संध्याकाळी निकाल लागला.

पिंजरेवाल्यांना नऊ वर्षं मिळाली नाहीत, दोन मिळाली. पिंजरे अजून तिथेच आहेत आणि आमचं मासे सुकवायचं धुराचं घर या वर्षीही रिकामं आहे. पहिल्या जेवणाला आम्ही दुकानातलं मांस खाल्लं. मामाने त्याची हाडं कुत्र्यांना घातली आणि तो मोकळ्या हातांनी डोहावर जाऊन बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्याबरोबर गेले होते.

पलीकडच्या नदीत मात्र मासा आहे. वाट मला ठाऊक झाली आहे, पण ती कोणी विचारू नये.