राईतली फणी

गावच्या पवित्र राईतून निघताना झाडांना पाठ दाखवायची नसते. वाटेला लागेपर्यंत उलट पावली चालायचं, हे आमच्याकडे लहानपणीच अंगवळणी पडतं. त्यामुळे त्या शुक्रवारी दुपारी माझी पाठ कुणाच्या तरी पाठीवर आदळली, तेव्हा तोही बिचारा रिवाजच पाळत होता.

"म्वानासिती! मोम्बासाहून कधी आलीस?"

शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसणारा मासूदी आता राईचा राखणदार होता. कमरेला काळं कापड, पाय अनवाणी. माझे डोळे रडून सुजलेले होते, आणि ते लपवायला जागा नव्हती.

"मी काही ऐकलं नाही हं," तो घाईने म्हणाला.

"विचारलं कुणी?"

तो कमरेचं कापड उगाच घट्ट करू लागला. म्हणजे सगळं ऐकलं होतं.

मी थोरल्या झाडाला मिठी मारून, आमच्या बायका आपलं दुःख सांगतात तसं, मोठ्यानं सांगितलं होतं – शिक्षिका होण्याच्या परीक्षेत मी नापास झाले. फोनवर आईचा श्वास अडकलेला ऐकून 'पास झाले' म्हणून बसले. आणि उद्या त्या खोट्यावर बकरा कापला जाणार, गावातल्या बायका एकाच छापाची कापडं नेसून माझं कौतुक गाणार. खोडाची साल गार होती. पानांतून समुद्राचा वारा येत होता. सांगून जरा हलकं वाटलं होतं... आता पुन्हा चेहरा भाजू लागला.

"हस ना," मी म्हणाले.

"कसा हसू? तुझ्या वहीत बघून पास व्हायचो मी. तूच नापास, मग माझं काय झालं असतं?"

मला हसू आलं, आणि हसल्याचीही शरम वाटली.

"तू कशाला आलास झाडापाशी? राखणदाराला कसलं दुःख?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "चोरी केलीय मी."

आमच्या राईतून वाळकी काडीसुद्धा बाहेर जात नाही. तीन वर्षांपूर्वी, मी शिकायला निघाले त्या आठवड्यात, मासूदीने पडलेली एक फांदी कापडाखाली लपवून घरी नेली होती. तिची फणी कोरली, पण द्यायचा धीर झाला नाही. पुढे गावाने त्यालाच राखणदार केलं.

"लोक प्रामाणिक म्हणतात, तेव्हा मान वर होत नाही," तो म्हणाला. "आज परत ठेवली... मुळांत."

"कुणासाठी कोरली होतीस?"

"मागच्या बाकावरून तुझ्या बारीक वेण्या मोजता मोजता माझं गणित राहून जायचं. अकरा असायच्या..."

मी परत झाडापाशी गेले, मुळांतून फणी उचलली. लांब दातांची, गुळगुळीत.

"तोंड फिरव."

त्याने शहाण्यासारखं शेजारच्या खोडाला कपाळ टेकलं. मी डोक्यावरचं कापड काढलं. निकाल लागल्यापासून केसांना हात लावला नव्हता.

"झालं?"

"नाही."

"सावकाश होऊ दे. माझी नोकरीच इथे आहे."

केस विंचरून मी फणी मुळांत ठेवली, वर पानं पसरली.

"उद्याही लागेल मला," मी म्हणाले, "घरी जिवंत राहिले तर."

"येऊ सोबत? आईसमोर?"

"नको. ते माझं मलाच बोलायचंय."

"मग वाटेपर्यंत..."

आम्ही दोघं शेजारी शेजारी उलट पावली निघालो. वाट दिसत नव्हती, म्हणून मी त्याचा हात धरला. निदान तेव्हा तरी मी तसंच समजले.

अंगणात आई खवणीवर नारळ खवत होती. आंब्याला बकरा बांधलेला.

"आई, मी नापास झालेय. फोनवर खोटं बोलले."

खवणी थांबली. आईने नारळाची वाटी खाली ठेवली.

"बायकांना काय सांगायचं?"

"मी सांगते. घरोघर जाऊन."

तिने मान वर केली. तिचे डोळे भरले होते, तरी नजर माझ्या डोक्यावर खिळली.

"आणि हे केस? घरातली फणी तर कधीच मोडलीय."

"तेही सांगते," मी म्हणाले. "आधी त्या बकऱ्याचं दावं सोडू दे."